'पारोइकिया' : उपऱ्यांची ख्रिस्तसभा

'धर्मग्राम' या अर्थी आपण बोलताना सर्रास 'पॅरिश' म्हणतो. या शब्दाचा माग काढीत गेलो, की लॅटिनमार्गे आपण 'पारोइकिया' या ग्रीक शब्दापाशी पोहोचतो. त्याचा अर्थ परक्या ठिकाणचे वास्तव्य. 'पारोइकोस' म्हणजे नगरात राहणारा, परंतु नागरिकत्वाचे हक्क नसलेला उपरा.

जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हा शब्द अब्राहामाच्या तोंडी आला आहे. सारेच्या दफनासाठी जमीन मागताना तो हेथी लोकांपुढे स्वतःला 'पारोइकोस' म्हणवतो. पुढे पेत्राच्या पहिल्या पत्रात आशिया मायनरमधील ख्रिस्ती लोकांना हेच संबोधन लाभते. हे लोक खरोखरच हक्कवंचित परके होते, असे जॉन इलियट या अभ्यासकाने १९८१ साली मांडले. स्वर्ग हेच खरे घर, म्हणून पृथ्वीवर आपण परके, असा रूपकार्थ इतर अभ्यासक घेतात. आम्हांला वाटते, ज्याने परकेपण सोसले आहे, त्यालाच हे रूपक जिव्हारी भिडले असणार.

आता 'एक्लेसिया' हा दुसरा शब्द पाहू. 'बाहेर बोलावलेले' अशी त्याची फोड करून त्यावर प्रवचने दिली जातात. परंतु शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा अर्थ नव्हे, असा इशारा जेम्स बार यांनी १९६१ सालीच दिला होता. शब्द वापरात कसा होता, हे पाहिले पाहिजे. ग्रीक नगरांत 'एक्लेसिया' ही नागरिकांची सभा होती. प्रेषितांच्या कृत्यांत इफिसचा नगरलेखक याच शब्दाने कायदेशीर नगरसभेचा उल्लेख करतो. अशा सभेत उपऱ्याला स्थान नसे.

इ. स. ९६ च्या सुमारास रोमहून करिंथला गेलेल्या, क्लेमेंटच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पत्राच्या मायन्यात हे दोन्ही शब्द एकत्र येतात: रोममध्ये उपरी म्हणून राहणारी देवाची 'एक्लेसिया', करिंथमध्ये तशीच राहणाऱ्या 'एक्लेसिये'स लिहिते. नगराच्या सभेत ज्याला आसन नव्हते, त्याला देवाच्या सभेत ते मिळाले होते. त्या काळच्या गुलामाला व परदेशी कारागिराला याचे मोल किती वाटले असेल!

दुसऱ्या शतकात पॉलिकार्पच्या हौतात्म्याचे वृत्त स्मुर्णाहून धाडले गेले, तेव्हा ठिकठिकाणच्या ख्रिस्ती समूहांना 'पारोइकिया' हेच नाव रूढ होऊ लागले होते. चौथ्या शतकात राजमान्यता लाभली. समूह स्थिरावले आणि हा शब्द हळूहळू हद्द दाखवू लागला. उपऱ्यांचे नाव स्थायिकांकडे आले.

तरीही १९८३ च्या धर्मसंहितेतील ५१५ वा नियम धर्मग्रामाची व्याख्या करताना आधी श्रद्धावंतांचा समुदाय सांगतो. हद्दीचा विचार ५१८ व्या नियमात येतो. वसई-मुंबईच्या धर्मग्रामांत पोटापाण्यासाठी दूरदूरची माणसे येत आहेत. त्यांना 'बाहेरचे' म्हणून मागल्या बाकावर बसवण्यापूर्वी आपण आपल्याच संस्थेचे नाव आठवावे. त्या नावावर त्यांचा हक्क आपल्याइतकाच, किंबहुना आपल्याहून जुना आहे.