बालवाडीतली वाडी

आपल्या मंडळाच्या खोलीमागे जी थोडी मोकळी जागा आहे, तिच्यावर फरशी बसवावी अशी सूचना यंदाच्या सभेत आली, हे आपणांस ठाऊकच आहे. पावसाळ्यात तेथे चिखल होतो, मुले पाय भरवून आत येतात, सतरंज्या खराब होतात. तेव्हा सूचना गैर नाही. मला त्या दिवशी काही सांगायचे होते, पण जमले नाही. मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत उभे राहून बोलण्याची सवय नाही. म्हणून चिटणीस बाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा मनात आले की तेथे राहून गेलेले येथे सांगावे. लेख इतिहासाचा आहे. परंतु राजेरजवाड्यांचा नाही. तो इतिहास आपल्या खुलताबादच्या वेशी आणि कबरी रोजच सांगतात. हा इतिहास मातीने भरलेल्या चिमुकल्या हातांचा आहे.

आरंभ माझ्याच एका चुकीपासून करते. माझी थोरली मुलगी चार वर्षांची असताना गल्लीतल्या अंगणवाडीत जात असे. एके दिवशी ती आली ती कोपरापर्यंत माती माखून. सेविकाताईंनी मुलांकडून जुन्या डब्यांत माती भरवून मेथी पेरून घेतली होती. मी रागावले. “शिकायला पाठवले की चिखल कालवायला?” असे ताईंनाही बोलून आले, आणि दुसऱ्याच आठवड्यात मुलीला तेथून काढले. जेथे बाकावर बसवून अक्षरे गिरवून घेत, अशा ठिकाणी तिला घातले. तेथे ती पाटीभर अक्षरे काढू लागली, आणि मी शेजारणींना पाटी दाखवू लागले. पण पोर सकाळी उठली की रडू लागे. बडबड करणारी मुलगी गप्प झाली. शिक्षण म्हणजे कडू औषध, ते असेच घशाखाली उतरायचे, अशी मी मनाची समजूत घातली.

तीच मुलगी आज मोठी होऊन बालशिक्षणाचा अभ्यास करीत आहे. संध्याकाळी मी भाजी निवडीत बसते आणि ती आपली पुस्तके मोठ्याने वाचते. एके दिवशी तिने विचारले, “आई, बालवाडीला वाडी का गं म्हणतात?” मी म्हटले, “वाडी म्हणजे वस्ती, म्हणून म्हणत असतील.” ती हसली आणि म्हणाली, “कोकणात नारळाची वाडी, सुपारीची वाडी म्हणतात की नाही? वाडी म्हणजे बागसुद्धा!” मला ते एकदम पटले. मुलांची बाग! मग त्या बागेची कहाणी मी तिच्याकडून हळूहळू ऐकून घेतली.

ही कहाणी दूर जर्मनीत सुरू होते. तेथे फ्रोबेल नावाचे एक शिक्षक होऊन गेले (१७८२–१८५२). ते नऊ महिन्यांचे असतानाच त्यांची आई वारली. तरुणपणी काही काळ त्यांनी वनपालाच्या हाताखाली उमेदवारी केली. झाड ओढून वाढत नाही, त्याला जागा, पाणी आणि ऊन द्यावे लागते. हीच गोष्ट त्यांनी मुलांच्या बाबतीत पाहिली. १८३७ साली ब्लांकेनबुर्ग ह्या गावी त्यांनी लहान मुलांसाठी एक संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्याचा अर्थ मुलांची बाग. हे नाव केवळ उपमेपुरते नव्हते. प्रत्येक मुलाचा स्वतःचा एक लहानसा वाफा असावा आणि सगळ्यांचा मिळून एक मोठा असावा, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या वाफ्याची काळजी आपण घ्यायची आणि मोठ्या वाफ्याची सर्वांनी मिळून. घर आणि गाव ह्यांचा धडा ह्याहून सोपा कोणता असेल? त्यांच्या शाळेत मुले कागदाच्या घड्या घालीत, पट्ट्या विणीत, मातीच्या वस्तू करीत. १८५१ मध्ये तेथील प्रशिया राज्याच्या सरकारने ह्या बालबागांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल निवर्तले. बंदी उठली ती १८६० मध्ये. मुलांच्या बागेचेही सरकारला भय वाटावे, ह्याचे नवल वाटते.

पुढे १९०७ साली इटलीत, रोम शहरातील गरीब मजुरांच्या वस्तीत, डॉक्टर मारिया माँटेसरी ह्या बाईंनी बालगृह उघडले. तेथे मुले झाडू मारीत, पाणी ओतीत, बटणे लावीत, रोपांना पाणी घालीत. घरात ज्या कामांना आपण “हात लावू नको, सांडशील” म्हणतो, तीच कामे त्यांनी शिक्षण म्हणून मुलांच्या हाती दिली.

हा विचार आपल्याकडे रुजवणाऱ्यांत भावनगरचे गिजुभाई बधेका हे मोठे नाव. त्यांनी १९२० साली तेथे बालमंदिर काढले. त्यांना येऊन मिळाल्या त्या आपल्या ताराबाई मोडक. ताराबाई पदवीधर, राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य; ते पद सोडून त्या १९२३ मध्ये बालमंदिरात आल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मुंबईस दादरला त्यांनी शिशुविहारही चालवले. परंतु एक गोष्ट त्यांच्या मनाला टोचत होती. माँटेसरी पद्धतीची लाकडी साधने महाग. शहरातल्या सुखवस्तू मुलांना ती मिळतील, खेड्यातल्या मुलांनी काय करावे?

म्हणून १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. बोर्डी त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. आता ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथे त्यांच्या सोबतीस आल्या अनुताई वाघ. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. पुढे त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या; बोर्डीस आल्या तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या. भगिनींनो, चाळिशीकडे झुकल्यावर नवे काम हाती घ्यावे की नाही, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

बोर्डीत बालवाडी तर उघडली, पण गरीब वस्तीतली मुले तेथवर येईनात. आया मजुरीला जाणाऱ्या. मुलांच्या कडेवर धाकटी भावंडे. तेव्हा ह्या दोघींनी जे केले, ते मला फार मोठे वाटते. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच मुलांच्या अंगणात गेली! वस्तीत जाऊन त्यांनी मुलांना नाहू-माखू घातले, नखे कापली, केस विंचरले आणि तेथेच अंगणात खेळ मांडला. हीच अंगणवाडी. महाग साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, चिंचोके, पाने, फुले, बिया आणि काटक्या आल्या. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुले, लहानमोठे ओळखायला खडे! १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली, म्हणजे धाकट्याला सांभाळणाऱ्या थोरल्या बहिणीलाही शिकता येई. जी मुले गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी गुरांच्या कुरणातच ‘कुरणशाळा’ भरे.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताई त्यानंतरही कोसबाडलाच राहिल्या. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, आणि अंगणवाडी हे नाव गावोगाव पोचले. आज आपण अंगणवाडी म्हणजे खाऊ मिळण्याची आणि वजन करण्याची जागा समजतो. ती कामे मोठीच आहेत. परंतु ते नाव एका मराठी बाईने पाहिलेल्या अंगणातून आले आहे, हे आपण विसरलो. किंडरगार्टनमध्ये बाग आहे, बालवाडीत वाडी आहे, अंगणवाडीत अंगण आणि वाडी दोन्ही आहेत. आपण नावे ठेवली आणि माती तेवढी काढून टाकली.

कोणी म्हणेल, हे सारे थोरामोठ्यांचे. आपल्या घरात काय होते? माझे म्हणणे असे, की आपल्याही घरात हेच होते, फक्त त्याला कोणी शिक्षण म्हणत नव्हते. पोळ्याला माती कालवून बैल करायचे, त्यात एक हटकून तीन पायांचा व्हायचा. घटस्थापनेला पत्रावळीवर माती पसरून धान पेरायचे. रोज सकाळी उठून कोंब किती वाढला ते पाहायचे, आणि दसऱ्याला तेच धान टोपीत खोवून मिरवायचे. नऊ दिवसांत पेरणी, उगवण आणि काढणी! आजी वाती वळायला बसली की कापसाचा एक पेळू आमच्या हाती देई. वाकळ शिवताना चिंध्यांतून लाल वेगळ्या, निळ्या वेगळ्या करण्याचे काम आमचे. रंग मी तेथेच शिकले.

आपल्या जवळचेच आणखी एक उदाहरण सांगते. दौलताबादेहून इकडे येताना कागजीपुरा लागतो. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीस आणली, तेव्हा आलेल्या कारागिरांपासून तेथे हातकागदाची विद्या सुरू झाली, असे सांगतात. चिंध्या भिजवून, कुटून लगदा करायचा, तो जाळीवर उचलून त्याचा ताव करायचा आणि वाळवायचा. अशी विद्या पुस्तकातून येत नाही. बापाच्या शेजारी बसलेले पोर ती बघत बघत उचलते. शेकडो वर्षे हातातून हातात आलेली ती विद्या आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. मुलांना कामाला जुंपावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पोटासाठी मुलांनी कारखान्यात राबण्याचे दुःख देशाने खूप पाहिले. त्यावर १९८६ मध्ये कायदाही झाला. काम आणि खेळ ह्यांतली रेघ अगदी सोपी आहे. मूल कंटाळले की त्याला उठून जाता आले पाहिजे, आणि केलेल्या कामाचे मोल मोठ्यांनी पैशात मोजता कामा नये. तीन पायांचा बैलही देवापुढे ठेवला गेला पाहिजे.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद होत्या. दिराची पाच वर्षांची मुलगी आणि शेजारची दोन पोरे दिवसभर ओसरीवर असत. तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांनी माझी चूक सुधारायचे ठरवले. फुटके डबे घेतले, तळाला भोके पाडली. अनुभवाने काही गोष्टी कळल्या, त्या सांगते. लहान बोटांना बी मोठे द्यावे. घेवडा, भोपळा, मका. बारीक बी सांडते आणि मूल हिरमुसते. बोटाच्या एका पेराएवढे खोल लावले की पुरे. मेथी मात्र नुसती भुरभुरून वर माती पसरावी. ती तीन-चार दिवसांत डोके वर काढते, म्हणून उतावळ्या मुलासाठी मेथीच बरी. पाण्याची ओढ असली तर भाजी धुतलेले पाणी घालावे. मुलांना लोटीच द्यावी, बादली देऊ नये, नाहीतर बी वाहून जाते. प्रत्येकाच्या डब्याला वेगळ्या रंगाची चिंधी बांधावी, म्हणजे भांडण होत नाही. एकाचे बी उगवलेच नाही. तो रडला, आणि मग दुसरीने आपल्या डब्यातली दोन रोपे त्याला दिली. मी कोणाला काही शिकवले नव्हते. फ्रोबेल गुरुजींचे दोन वाफे मला त्या दिवशी कळले.

ह्या वर्षी मी माझ्या थोरलीला भीत भीत विचारले, “तुला अंगणवाडीतला तो मेथीचा डबा आठवतो का गं?” ती म्हणाली, “आठवतो की! पण तो उगवला की नाही, ते मला कधी कळलंच नाही.” ती सहज बोलून गेली. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागी होते.

म्हणून भगिनींनो, माझी एवढीच विनंती आहे. फरशी अवश्य बसवावी. सतरंज्यांची काळजी मलाही आहे, त्या धुणाऱ्यांत मीही असते. परंतु भिंतीच्या कडेची दोन हात जागा उघडी ठेवावी आणि पाय धुवायला तेथे एक दगड मांडावा. बी मी आणीन, डबे घरोघरचे आणावेत. मुलांचे पाय पुसण्याची जबाबदारीही माझी. पेरल्यापासून उगवेपर्यंत कोणत्याही मुलाला तेथून उठवू नये, एवढेच मंडळाने पाहावे.