दाणा एक, पोटे दोन

मक्याचा दाणा एकच. पण तो उंदराला पुरत नाही आणि गाईला पुरतो. असं का, याचा उलगडा कसा झाला ते आज पाहू.

१९१४ साली अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात थॉमस ऑस्बॉर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी पांढऱ्या उंदरांवर एक प्रयोग केला. मक्यातून ‘झीन’ नावाचे प्रथिन वेगळे काढून त्यांनी ते उंदरांना चारले. उंदीर खंगू लागले. मग खाण्यात ‘ट्रिप्टोफॅन’ मिसळले. उंदीर तगले, पण वाढेनात. त्यात ‘लायसिन’ची भर घातली, तेव्हा कुठे ते वाढीला लागले.

ही जादू नव्हे, बरं का! प्रथिन म्हणजे विटांची भिंत समजा. पचन म्हणजे ती भिंत उतरवून विटा सुट्या करणे. या विटांना अमिनो आम्ले म्हणतात. त्याच विटांनी शरीर आपली नवी भिंत बांधते. झीनमध्ये या दोन विटा जवळजवळ नाहीतच, आणि उंदराला त्या स्वतः पाडता येत नाहीत. कोंबडी, डुक्कर आणि माणूस यांचीही तीच गत आहे.

मग गाईचं कसं भागतं? तिच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. ते वैरण-दाणा फोडून आपल्या अंगची प्रथिने तयार करतात, आणि पुढे ते जंतूच गाईला पचतात. फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांनी गाईंना प्रथिनाऐवजी युरिया व अमोनियाचे क्षार देऊन, जोडीला पिष्ट, साखर आणि सेल्युलोज चारले. तरी गाई दूध देत राहिल्या! हे प्रयोग १९६६ साली प्रसिद्ध झाले. मात्र घरी कोणी असे करू नये. युरिया जास्त झाला तर जनावर दगावते; आणि भरपूर दूध हवे तर पेंड लागतेच.

आपल्या पोटात असा कारखाना नाही. आपल्या ज्वारीतही लायसिन कमीच. नुसत्या भाकरीवर आणि मिरची-मिठावर पोर पोटभर जेवतं, पण ते अंगी लागत नाही. तूर, मूग, हरभरा यांत लायसिन भरपूर असते; आणि डाळीत जे मेथिओनीन कमी, त्याची भरपाई ज्वारी करते. तेव्हा गुरुजी, हे मुलांना जरूर सांगा. आणि घरच्या माउलींनो, पोराच्या भाकरीबरोबर वाटीभर वरण विसरू नका.