शब्द, सनद आणि चित्र

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने कुष्ठरोगातून मुक्त झाल्याच्या कृतज्ञतेपोटी रोम व साम्राज्याचा पश्चिम भाग पोप पहिला सिल्व्हेस्टर यास अर्पण केला, असे सांगणारे एक दानपत्र मध्ययुगीन युरोपात प्रमाण मानले जात असे. ते चौथ्या शतकातील म्हणून पुढे आले, तरी वस्तुतः आठव्या शतकाच्या सुमारास रचले गेले, असे विद्वानांचे सामान्य मत आहे.

दांतेने त्याच्या अस्सलपणाविषयी शंका घेतली नाही. असे दान देण्याचा सम्राटास अधिकारच नव्हता, हा त्याचा आक्षेप होता. म्हणजे प्रश्न कायद्याचा राहिला. १४३३ च्या सुमारास कूसाच्या निकोलसने जुन्या विश्वसनीय ग्रंथांत या दानाचा उल्लेख आढळत नाही, हे दाखवून तो इतिहासाच्या कक्षेत आणला. १४४० मध्ये लोरेन्झो व्हाल्लाने तोच लेख भाषेच्या कसोटीस लावला.

लेखात रोमन अधिकाऱ्यांच्या पंक्तीस 'सत्रप' बसविले आहेत. ही संज्ञा इराणी. आपल्या नाशिक-जुन्नरच्या शिलालेखांतील 'क्षत्रप' तिचाच आप्त. रोमच्या राज्यव्यवहारात तिला स्थान नव्हते. 'डायडेम' ही मूळची वस्त्राची पट्टी, परंतु लेखकर्ता तिला सुवर्णमुकुट समजतो. पूर्वेस नवी नगरी वसविण्याचा संकल्प ज्या लेखात आहे, त्यातच कॉन्स्टंटिनोपल हे धर्मपीठ म्हणून आधीच नांदत आहे! शब्दांनीच लेखाचे वय उघड केले.

तथापि केवळ शब्दांवर थांबून चालणार नाही. व्हाल्ला त्या वेळी नेपल्सच्या राज्यावर हक्क सांगणाऱ्या आल्फोन्सोच्या पदरी होता, आणि आल्फोन्सोचा पोप चौथा युजीन याच्याशी विरोध होता. निबंधाची धार राजकारणावाचून उमगत नाही. पुढे हाच व्हाल्ला पोप पाचवा निकोलस याच्या सेवेत गेला, हेही ध्यानी घ्यावे लागते.

चित्रांची साक्ष आणखी बोलकी आहे. रोममधील 'सांती क्वात्रो कोरोनाती' येथील तेराव्या शतकातील भित्तिचित्रांत सम्राट पोपसमोर नम्र झालेला दिसतो. १५२० मध्ये ल्यूथरने व्हाल्लाचा निबंध छापील रूपात वाचला. आणि त्यानंतर १५२४ पर्यंत राफाएलच्या शिष्यांनी व्हॅटिकनच्या दालनात तेच दान पुन्हा रंगविले. विद्वत्तेने बाद ठरविलेली सनद चित्रात जिवंत राहिली.

दानपत्र चौथ्या शतकाचा पुरावा नव्हे. पण ते रचणाऱ्या, मानणाऱ्या व रंगविणाऱ्या शतकांचा तो उत्तम पुरावा होय. भाषाशास्त्र त्याचे वय सांगते. त्याची सत्ता कशात होती, हे सांगण्यास कायदा, राजकारण व कला यांचे अभ्यासक एकत्र बसले पाहिजेत.