नागपाड्याचा बास्केटबॉल



बास्केटबॉल हा खेळ एका शिक्षकाने घडविला. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ यांनी फळांच्या टोपल्या टांगून तो आपल्या विद्यार्थ्यांना शिकविला.

हाच खेळ पुढे मुंबईच्या नागपाड्यात रुजला. तेथील दाट वस्तीत श्रीमंती नव्हती. बच्चूखान यांच्यासारखे शिकविणारे मात्र होते. याच मोहल्ल्यातील अब्बास मुंतसिर भारतीय संघाचे कर्णधार झाले. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला.

रत्नागिरीतही शाळेच्या आवारात दोन खांब उभे करणे अवघड नाही. परंतु संध्याकाळी मुलांपाशी थांबणारा शिक्षक हवा, आणि ‘खेळाने अभ्यास बुडतो’ म्हणून मुलाला घरी ओढून न नेणारे पालकही हवेत.