पूर्व-व्यावसायिक शिक्षण (महाराष्ट्र)

पूर्व-व्यावसायिक शिक्षण म्हणजे माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याला, एखाद्या कुशल व्यवसायाचे रीतसर प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी, त्या व्यवसायातील हत्यारे, साहित्य, मोजमाप आणि कामाची शिस्त यांची करून दिलेली ओळख होय. या शिक्षणाने विद्यार्थी फिटर, वायरमन किंवा सुतार होत नाही. आपला कल कोणत्या कामाकडे आहे हे त्याला कळावे आणि पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आयटीआय) किंवा कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून प्रवेश करताना तो अगदी नवखा नसावा, एवढीच अपेक्षा असते. महाराष्ट्रात हे शिक्षण प्रामुख्याने इयत्ता आठवी ते दहावीत दिले जाते. अकरावी-बारावीचे व्यवसाय अभ्यासक्रम ही त्याच्या पुढची पायरी आहे.

स्वरूप

कार्यानुभव आणि पूर्व-व्यावसायिक शिक्षण यांत पुष्कळदा गल्लत केली जाते. कार्यानुभवात श्रमाची सवय व श्रमाविषयी आदर यांवर भर असतो. वस्तू कशी झाली हे दुय्यम असते. पूर्व-व्यावसायिक शिक्षणात वस्तू मापात यावी लागते. लाकूड कापताना करवतीच्या पात्याच्या जाडीइतका भाग भुशात जातो आणि तो आधी हिशेबात धरला नाही तर चौकट आखूड पडते, हे विद्यार्थ्याला फळ्यावर सांगून पटत नाही. एकदा चौकट आखूड पडली की पुन्हा सांगावे लागत नाही. आराखडा वाचणे, साहित्याचा अंदाज व खर्च काढणे, विजेचे काम करताना आधी पुरवठा बंद करणे, हत्यार वापरून झाल्यावर जागेवर ठेवणे या गोष्टी कोणत्याही एका व्यवसायाच्या नसून सर्व कुशल कामांच्या मुळाशी आहेत.

पूर्वपीठिका

शाळेत हाताचे काम शिकवावे या विचाराला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिच्या विचारांना अभ्यासक्रमाचे रूप दिले. नयी तालीम किंवा मूलोद्योग शिक्षण या नावाने ही पद्धती ओळखली जाते. मात्र तिचा हेतू मुलांना कारागीर बनवणे हा नव्हता. सूतकताई, शेती किंवा सुतारकाम यांच्या आधारे गणित, भूगोल आणि भाषा शिकवावी, असा तिचा आग्रह होता. पुढे बहुतेक शाळांत उद्योगाचा तास उरला आणि इतर विषयांशी असलेला त्याचा सांधा मात्र निखळला.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा भाग असावा आणि माध्यमिक स्तरावर शिक्षणाचे व्यावसायीकरण व्हावे, अशी शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील. त्यांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचा संबंध खाली वर्णिलेल्या पाबळच्या प्रयोगाशीही आहे.

दरम्यान राज्यात तांत्रिक विद्यालयांची व्यवस्था उभी राहिली होती. एका गावातील तांत्रिक विद्यालयाच्या कार्यशाळेत आसपासच्या माध्यमिक शाळांतील विद्यार्थी ठरलेल्या वेळी येतात, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप आहे. जोडारीकाम, सुतारकाम, वीजकाम आणि अभियांत्रिकी रेखाचित्रण हे तिचे आधार. ज्या शाळेला स्वतःची लेथ यंत्रे घेणे परवडत नाही, तिच्या विद्यार्थ्यांनाही यंत्रावर हात बसवण्याची संधी यामुळे मिळाली. दहावीला तांत्रिक विषय घेतलेल्यांसाठी तंत्रनिकेतनांच्या प्रवेशात काही जागा राखीव असल्याने हुशार विद्यार्थी या विषयांकडे वळले. परंतु त्यांची नजर कार्यशाळेपेक्षा पदविकेच्या प्रवेशाकडे अधिक राहिली.

पाबळचा प्रयोग

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) यांनी १९८३ साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली. अन्नतंत्रज्ञानात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले कलबाग तत्पूर्वी हिंदुस्तान लीव्हरच्या मुंबईतील संशोधन केंद्रात कार्यरत होते. विज्ञान आश्रम हे भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून सुरू झाले. मूल काम करताना जितके शिकते तितके ऐकताना शिकत नाही आणि खेड्यातील शाळा ही गावाच्या विकासाचे साधन होऊ शकते, या दोन विचारांवर त्यांची सारी मांडणी उभी आहे.

येथे आकाराला आलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ (आयबीटी) हा अभ्यासक्रम आठवी ते दहावीसाठी असून राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्यास मान्यता दिली. आठवड्यातील एक दिवस, म्हणजे शाळेचा सुमारे पाचवा हिस्सा वेळ, कामासाठी दिला जातो. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन असे त्याचे चार विभाग आहेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला चारही विभागांतून जावे लागते. त्यामुळे मुली वेल्डिंग करतात आणि मुले खाद्यपदार्थ बनवतात. व्यवसायांची मुलगा-मुलगी अशी वाटणी जेथे विषय निवडतानाच होऊन जाते, अशा योजनांच्या तुलनेत हे वेगळेपण महत्त्वाचे आहे.

शिकवणारे बहुधा गावातील कसबी माणसे असतात. शिक्षणशास्त्राची पदवी नसलेल्या वेल्डरला वर्गात उभे करणे शिक्षणव्यवस्थेच्या अंगवळणी पडणारे नव्हते. तरी या अभ्यासक्रमाचे बळ तेथेच आहे. दुसरे वैशिष्ट्य लोकोपयोगी सेवांचे. विद्यार्थी केवळ नमुने करून मोडीत टाकत नाहीत, तर शाळेला किंवा गावाला लागणारे बाक, वीजजोडणी, माती-पाणी परीक्षण अशी कामे करतात. ज्या बाकावर उद्या कोणीतरी बसणार आहे त्याचा सांधा कच्चा ठेवून चालत नाही. शाळा सोडलेल्या किंवा दहावीनंतर थांबलेल्या तरुणांसाठी आश्रमात एक वर्षाचा निवासी ग्रामीण तंत्रज्ञान पदविका अभ्यासक्रमही चालवला जातो.

दहावीनंतरचे मार्ग

उच्च माध्यमिक स्तरावर दोन योजना आल्या. द्विलक्ष्यी अभ्यासक्रमात नेहमीच्या शाखेतील दोन विषयांऐवजी २०० गुणांचा एक व्यवसाय विषय घेता येतो. नोकरी आणि उच्च शिक्षण ही दोन्ही लक्ष्ये साधावीत म्हणून हे नाव. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनिक्स व संगणकशास्त्र हे विषय चांगले गुण मिळवून देणारे म्हणून अभियांत्रिकीला जाऊ इच्छिणाऱ्यांत लोकप्रिय झाले, आणि दोन लक्ष्यांपैकी एकच उरले.

किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम (एमसीव्हीसी) हा मात्र अकरावी-बारावीचा स्वतंत्र प्रवाह होता. त्यात तांत्रिक, वाणिज्य, कृषी, मत्स्य, वैद्यकीय साहाय्य आणि गृहविज्ञान असे गट होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी १० टक्के १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळावेत असे उद्दिष्ट ठेवले होते. १९९२ मध्ये हीच मुदत अनुक्रमे १९९५ व २००० अशी पुढे नेण्यात आली.

शिकाऊ उमेदवारीशी सांधा

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार उमेदवाराचे किमान वय १४ वर्षे आहे. धोकादायक उद्योगांशी संबंधित व्यवसायांत ते १८ वर्षे आहे. उमेदवार हा कायद्याच्या दृष्टीने कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो आणि त्याला विद्यावेतन मिळते. १९८६ च्या दुरुस्तीने बारावी व्यवसाय अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यांना तंत्रज्ञ (व्यवसाय) शिकाऊ उमेदवार म्हणून एक वर्षाच्या प्रशिक्षणासाठी कायद्याच्या कक्षेत घेतले. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे.

दहावीपर्यंतचे पूर्व-व्यावसायिक शिक्षण आणि हा कायदा यांच्यामध्ये मात्र पोकळी आहे. सोळाव्या वर्षी शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाने तीन वर्षे वेल्डिंग व वीजकाम शिकलेले असले, तरी आयटीआयमध्ये त्याची सुरुवात कार्यशाळेची पायरीही न चढलेल्या मुलाबरोबरच होते. आधी शिकलेले कौशल्य पुढील अभ्यासक्रमात मोजून घ्यावे, ही २७ डिसेंबर २०१३ रोजी अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्यामागील (एनएसक्यूएफ) एक प्रमुख कल्पना आहे. त्यानुसार नववी ते बारावीच्या व्यवसाय विषयांना अनुक्रमे पहिला ते चौथा स्तर देण्यात आला. आयबीटीची परंपराही या आराखड्यात मल्टी स्किल या नावाने आली. मोटारगाडी दुरुस्ती, किरकोळ विक्री, आरोग्यसेवा, सौंदर्यसेवा, पर्यटन हे त्यातील इतर काही विषय होत.

सद्यस्थिती

बाराव्या पंचवार्षिक योजनेतील अंदाजानुसार भारतातील १९ ते २४ वयोगटात औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी होते. जर्मनीत ते ७५ टक्के, तर दक्षिण कोरियात ९६ टक्के होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे आकडे उद्धृत करून २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय व्हावा असे म्हटले, आणि सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे दहा दिवस दप्तराविना शिकावे अशी सूचना केली. शाळांतील व्यवसाय विषयांचे प्रशिक्षक बहुतांशी बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी पद्धतीने नेमले जातात; नेमणुकीस विलंब झाला की प्रात्यक्षिकाचा तास रिकामा जातो, आणि प्रशिक्षक बदलला की कार्यशाळेची घडी पुन्हा बसवावी लागते.