पेट्रोलची वाफ पकडतात कशी?

पेट्रोल पंपावर येणारा तो उग्र वास म्हणजे हवेत उडून जाणारं पेट्रोलच. पुण्याजवळ लोणी काळभोरला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथे टँकर भरताना आत साचलेली वाफ बाहेर ढकलली जाते. पुढे पंपावरची टाकी भरताना आणि शेवटी तुमच्या गाडीत पेट्रोल भरतानाही हेच घडतं.

ही वाफ पकडण्यासाठी ‘व्हेपर रिकव्हरी सिस्टीम’ असते. डेपोत वाफ पाइपमधून सक्रिय कोळशाच्या थरावर सोडतात. कोळसा ती धरून ठेवतो, मग तिचं पुन्हा पेट्रोल करतात. पंपावर टँकर रिकामा होताना टाकीतली वाफ दुसऱ्या पाइपने टँकरमध्येच परत जाते. गाडीत भरताना खास नोझल वाफ ओढून घेतं.

हे महत्त्वाचं का? या वाफेत बेन्झीन असतं आणि त्यामुळे कर्करोग होऊ शकतो. भारतात हवेतल्या बेन्झीनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. आपण पाच मिनिटांत निघून जातो, पण पंपावरचे कर्मचारी अख्खी शिफ्ट त्याच हवेत श्वास घेतात.

त्यामुळे नोझल आपोआप बंद झालं की ‘अजून थोडं टाका’ म्हणू नका.