पूर्ण शिष्यवृत्ती की मोठ्या नावाचं लॉ कॉलेज? घरात बसून मांडायचा हिशोब

समजा, मिरजेतलं एक घर आहे. अब्बांची बेकरी आहे, अम्मी घर सांभाळते. मुलीने दोन वर्षं जीव ओतून क्लॅटची तयारी केली आणि आता तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एका नावाजलेल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात तिला जागा मिळतेय, पण पाच वर्षांचा खर्च पंधरा-वीस लाखांच्या घरात जातो. दुसरीकडे कमी नावाच्या एका विद्यापीठाचं पत्र आलंय: फी पूर्ण माफ. मामूजान म्हणतात, "नाव बघा, नाव! पैसा काय, येतो-जातो." चाचा म्हणतात, "फुकट मिळतंय ते सोडून कर्ज कशाला डोक्यावर घ्यायचं?" आणि ज्या मुलीबद्दल हे चाललंय, तिला कोणी विचारतच नाही.

असं घर आज फक्त मिरजेत नाही. मालेगाव, औसा, महाड, भिवंडी, सगळीकडे आहे. कायद्याचं शिक्षण घेणारी आपली मुलं-मुली वाढतायत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण हा निर्णय पाच वर्षांचा नसतो, त्याचे परिणाम पंधरा वर्षं पुरतात. म्हणून हा हिशोब कसा मांडायचा, ते आम्ही इथे एकत्र देत आहोत.

आधी हे समजून घ्या: सनद एकच असते

देशातलं पहिलं राष्ट्रीय विधी विद्यापीठ बेंगळुरूला आहे. तिथली पहिली तुकडी १९८८ साली सुरू झाली. आज अशी विद्यापीठं २५च्या आसपास आहेत. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा तीन ठिकाणी ती आहेत. बहुतेक ठिकाणचा प्रवेश क्लॅटमधून होतो; दिल्लीचं विद्यापीठ स्वतःची वेगळी परीक्षा घेतं. राज्यातल्या बाकी लॉ कॉलेजांसाठी राज्य सीईटी कक्षाची विधी सीईटी असते. १८५५ साली सुरू झालेलं मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय आणि १९२४ सालचं पुण्याचं आयएलएस त्यातच येतात.

कॉलेज कोणतंही असो, ते बार कौन्सिलचं मान्यताप्राप्त असेल तर शेवटी मिळणारी सनद एकच. १९६१च्या अधिवक्ता कायद्यात मोठ्या कॉलेजचा वकील आणि छोट्या कॉलेजचा वकील असा भेद नाही. अखिल भारतीय बार परीक्षा सगळ्यांना तीच. न्यायाधीश व्हायचं असेल तर एमपीएससीची परीक्षाही सगळ्यांना तीच, आणि त्या परीक्षेला कॉलेजचं नाव चालत नाही, अभ्यास चालतो.

इतिहासही हेच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश फातिमा बीवी १९८९ साली त्या पदावर गेल्या. त्यांचं शिक्षण तिरुवनंतपुरमच्या सरकारी लॉ कॉलेजात झालं होतं. संविधानाचे मोठे अभ्यासक ए. जी. नूरानी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे. २०२५ साली सरन्यायाधीश झालेले भूषण गवई अमरावती विद्यापीठातून कायदा शिकले.

मग नावाला काहीच किंमत नाही का?

आहे. आणि ती नाकारणंही बरोबर नाही.

मोठ्या कॉर्पोरेट लॉ फर्म भरती करायला मोजक्याच विद्यापीठांच्या आवारात जातात. तिथल्या मुलाला तिसऱ्या-चौथ्या वर्षीच चांगल्या ठिकाणी इंटर्नशिप मिळते आणि पदवी हातात येण्याआधी नोकरी पक्की होऊ शकते. ऱ्होड्ससारख्या परदेशी शिष्यवृत्त्यांच्या यादीतही बेंगळुरूच्या विद्यापीठाचं नाव वरचेवर दिसतं. दुसरा फायदा सोबतीचा. हुशार, धडपडी मुलं आजूबाजूला असली की आपलंही मूल पुढे सरकतं. घरात वकिलीची परंपरा नसलेल्या मुलाला तर हे ओळखीचं वर्तुळ फार उपयोगी पडतं. कारण वकिलीत पहिली दोन-चार वर्षं कोणाकडे उमेदवारी करायची, हा प्रश्न ओळखीवरच सुटतो.

म्हणून "नाव मोठं की पैसा मोठा" असा प्रश्न टाकलात तर उत्तर सापडणार नाही. प्रश्न असा हवा: या नावामुळे जे दार उघडतं, त्या दारातून आपल्या मुलाला आत जायचंय का? आणि त्यासाठी काढलेल्या कर्जामुळे दुसरं कोणतं दार बंद होतं?

कर्जाचा खरा आकडा

कागद-पेन घ्या. समजा, दरवर्षी ३ लाख याप्रमाणे पाच वर्षांत १५ लाखांचं कर्ज घेतलं. व्याज १० टक्के धरू. शिकतानाची पाच वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, पण व्याज थांबत नाही. सरळव्याजाने मोजलं तरी सहा वर्षांत ते ६ लाख होतं. म्हणजे फेड सुरू होताना डोक्यावर २१ लाख असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साधारण २७,७५० रुपये बसतो. एकूण भरणा ३३ लाखांच्या वर जातो. १५ लाखांचं शिक्षण ३३ लाखांना पडलं.

आता दुसरा आकडा बघा. २०२४ साली बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलांना दरमहा किमान किती मानधन द्यावं, याची शिफारस केली: शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,०००. ही फक्त शिफारस आहे, सक्ती नाही. प्रत्यक्षात जिल्हा न्यायालयात अनेक ज्युनिअरांना याहून बरंच कमी मिळतं.

हप्ता २७,७५० आणि शिफारस केलेलं मानधन २०,०००. हे दोन आकडे शेजारी ठेवले की सगळं उलगडतं. एवढं कर्ज असलेल्या मुलाला कोर्टात उभं राहणं परवडत नाही. आवडो न आवडो, त्याला मोठ्या पगाराची फर्म शोधावीच लागते. न्यायाधीश व्हायचं म्हटलं तरी, मे २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, आधी तीन वर्षं वकिली करावी लागते. ती तीन वर्षं हप्ते कोण भरणार?

आपल्याकडचे बरेच पालक मुलांना वकील करतात ते वस्तीतल्या, गावातल्या लोकांना कोर्टकचेरीत आधार मिळावा म्हणून. वक्फच्या जमिनीचा वाद असो, जामिनाचा अर्ज असो, पोटगीची केस असो, आपल्यात जाणता वकील हवा असं सगळेच म्हणतात. पण ते काम करायला मुलाच्या खांद्यावर हप्त्याचं ओझं नको. पूर्ण शिष्यवृत्तीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे: पदवीनंतर काय करायचं, हे मूल स्वतः ठरवू शकतं.

व्याजाचा प्रश्न

अनेक घरांत बँकेचं कर्ज म्हटलं की सूदचा प्रश्न येतो, आणि तो बाजूला ठेवून पुढे जाता येत नाही. यावर ज्यांच्या इल्मवर तुमचा भरवसा आहे अशा आलिमांचा मशवरा घ्या. आम्ही फतवा देणारे नाही. पण आलिमांकडे जाताना वरचा पूर्ण हिशोब सोबत न्या आणि दुसरा पर्याय हातात आहे का, हेही सांगा. फी माफीचं पत्र घरात असताना घेतलेलं कर्ज आणि काहीच पर्याय नसताना घेतलेलं कर्ज, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना मिळत असेल तर उत्तम. मात्र ते लिहून ठेवा. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा ही कुरआनचीच शिकवण आहे (सूरह अल-बकरा, आयत २८२). किती, कधी, कोण फेडणार, हे कागदावर असलं की नात्यात कटुता येत नाही.

ज्यांना बँकेचं कर्ज चालतं त्यांनी पीएम-विद्यालक्ष्मी योजना बघावी. ती ठरावीक दर्जेदार संस्थांसाठी आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकण्याच्या काळात ३ टक्के व्याज सवलत मिळते. आपल्या राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडेही कमी व्याजाची शैक्षणिक कर्ज योजना आहे. जिल्हा कार्यालयात जाऊन सध्याच्या अटी विचारा.

"पूर्ण" शिष्यवृत्ती खरंच पूर्ण आहे का?

पत्रातला "१०० टक्के" हा शब्द वाचून पेढे वाटू नका. आधी हे तपासा:

- माफी फक्त शिक्षण शुल्काची आहे की वसतिगृह आणि मेसचीही? अनेकदा राहण्या-खाण्याचा खर्चच वर्षाला लाखाच्या पुढे जातो.
- शिष्यवृत्ती पाचही वर्षांची आहे की दरवर्षी नव्याने मिळवायची?
- किती गुण टिकवावे लागतील? एका सत्रात गुण घसरले तर माफी कायमची जाते की पुन्हा मिळू शकते?
- फी वाढली तर वाढीव रकमेची माफी मिळेल का?
- मध्येच सोडलं तर आधी माफ केलेली रक्कम परत मागतील का?
- कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता चालू वर्षाची आहे का?

ही उत्तरं फोनवर नको, ईमेलवर लेखी घ्या. फोनवर गोड बोलणारी व्यक्ती तिसऱ्या वर्षी त्या खुर्चीत असेलच असं नाही. आणि गुणांची अट कडक असेल तर वाईट काळाचाही हिशोब धरा: शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी गेली तर उरलेली फी आपल्याला झेपेल का?

दोन्ही हातात येऊ शकतं का?

कधी कधी येतं. म्हणून निर्णयाआधी एवढं करून बघा.

मोठ्या विद्यापीठाला आर्थिक मदतीसाठी लिहा. अनेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत गरजू विद्यार्थ्यांसाठी फी सवलतीची सोय असते, पण ती मागावी लागते. मागण्यात कमीपणा नाही.

आयडिया ही संस्था बघा. स्वतः बेंगळुरूच्या विधी विद्यापीठात शिकलेले प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० साली ती सुरू केली. वंचित घरांतल्या मुलांना क्लॅटची तयारी करून देणं आणि पुढे विधी विद्यापीठात शिकताना आधार देणं, हे तिचं काम. बशीर २०१९ साली गेले, संस्थेचं काम सुरू आहे.

कागदपत्रं वेळेत काढा. बागवान, तांबोळी, मोमीन, अत्तार, पिंजारी अशा कितीतरी बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, तरी हक्काची जागा आणि सवलत फक्त दाखल्याअभावी हातची जाते. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र अकरावीतच काढायला घ्या. वैधतेला महिनोन्महिने लागतात. २०२४ पासून राज्याने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींसाठी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलंय. तुमचं कॉलेज आणि अभ्यासक्रम त्यात येतो का, हे महाडीबीटीवर पाहा.

वेळापत्रकावरही लक्ष ठेवा. क्लॅट डिसेंबरमध्ये होते आणि तिच्या जागावाटपात पैसे भरून जागा धरावी लागते. राज्य सीईटीच्या फेऱ्या नंतर येतात. त्यामुळे शासकीय कॉलेज मिळेल की नाही हे कळण्याआधीच क्लॅटचा निर्णय घ्यावा लागतो. भरलेले पैसे कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतात, ते माहितीपत्रकात आधी वाचा.

आणि नाव नंतरही मिळवता येतं. पदवी शिष्यवृत्तीवर करून पुढे एका वर्षाचं एलएलएम मोठ्या विद्यापीठातून करणारे आहेत. कर्ज घ्यायचंच असेल तर पाच वर्षांपेक्षा एका वर्षाचं सोसतं.

मुलीच्या बाबतीत एक स्पष्ट बोलणं

कधी कधी शिष्यवृत्ती हे निमित्त असतं. मुलीला लांब पाठवायचं नसतं, पण तसं न म्हणता "इथे फी माफ आहे ना" असं सांगितलं जातं. भीती असेल तर ती भीती म्हणूनच बोला. वसतिगृह बघून या, तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीशी बोला. हाच मोठा प्रवेश मुलाला मिळाला असता तर जमीन विकली असती का, हा प्रश्न स्वतःला एकदा विचारा. उलटही घडतं: बिरादरीत सांगायला बरं म्हणून मुलाला न झेपणाऱ्या कर्जात ढकललं जातं. दोन्हीकडे किंमत मूलच मोजतं.

थोडक्यात

कॉर्पोरेट फर्म किंवा परदेशी शिक्षण हे मुलाचं पक्कं ध्येय असेल, विद्यापीठ खरोखर पहिल्या फळीतलं असेल आणि कर्ज अब्बांच्या औषधपाण्याला, बहिणीच्या शिक्षणाला धक्का न लावता फेडता येणार असेल, तर मोठं नाव घ्या. कोर्टात वकिली, न्यायसेवा किंवा समाजाचं काम करायचं असेल, किंवा अजून काही ठरलंच नसेल, तर अटी नीट तपासून शिष्यवृत्ती घ्या. दोन विद्यापीठांच्या नावांत थोडाच फरक असेल, तर डोळे झाकून शिष्यवृत्ती.

मिरजेच्या त्या घरात सगळ्यांचं बोलून झालं की मुलीला विचारा, "बेटा, तुला पुढे काय करायचंय?" तिला वेळ द्या. ती म्हणाली, "मला सांगलीच्या कोर्टात उभं राहायचंय," तर अर्धा हिशोब तिथेच सुटला.